तुमचं कोण हाय?

"एका विद्यार्थ्यामागं दोनच पास. तुमचा पाल्य कितवीत?" शाळेचं नाटक बघायला गेलो, तर गेटवरच्या सरांनी विचारलं. पाल्य नाही म्हटल्यावर त्यांनी मला असं न्याहाळलं, जणू मी चपला चोरायला आलोय. म्हटलं, शेजारी राहतो, भिंतीला भिंत आहे. तुमची सुभद्रा वरच्या षड्जाला कुठं घसरते ते मला झोपेतही सांगता येईल. शेवटी रजिस्टरात ‘नाते’ या रकान्यात ‘शेजारी’ असं लिहून मला आत सोडलं. स्मरणिकेची पावती फाडताना मात्र मी ‘आपल्या शाळेचे हितचिंतक’ होतो.

मंडपात पंख्याखालची अख्खी रांग एका आजींनी अडवलेली. एका खुर्चीवर हातरुमाल, दुसरीवर पिशवी, तिसरीवर स्वेटर. त्यातली जावयाची खुर्ची, तो येईपर्यंत या अटीवर, मला मिळाली.

"तुमचं कोण हाय ह्यात?"

"कोणी नाही."

"कोणी नाही म्हंजे? भाचा, पुतण्या?"

"नाटक बघायला आलोय, आजी."

"व्हय, पण कुणाचं?"

"संगीत सौभद्र. किर्लोस्करांचं."

"किर्लोस्करांचं पोरगं हाय व्हय ह्या शाळेत?"

मी गप्प झालो. त्यांनी पुढच्या रांगेतल्या बाईंना हात लावून सांगितलं, "ह्यांचं कुणीच न्हाई." बाईंनी वळून पाहिलं, चुकचुकल्या, आणि माझ्या हातावर भडंग ठेवलं.

तसं सांगलीत नाटकाला जायला नातं कशाला लागावं? १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथंच ‘सीता स्वयंवर’ रंगवलं. नाटककार देवल इथल्याच हरिपूरचे. गावाला नाट्यपंढरी म्हणवून घेतो आम्ही. पंढरीला वारकऱ्याकडं पास मागतात का? पण हे ऐकवायचं कुणाला? स्टेजवर प्रमुख पाहुणे शिस्तीचं महत्त्व सांगत होते, स्वतः दीड तास उशिरा येऊन. दहाला स्पीकर बंद करायचा, म्हणजे कात्री लागणार ती पदांनाच. भाषणाला लागलेली कात्री मी आजवर पाहिलेली नाही.

पडदा उघडला. नांदी सुरू झाली आणि अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू? पोरांनी सुरेख उचललं होतं. पेटीवर त्यांच्याच बाई, तबल्यावर नववीतला एक किडकिडीत पोरगा. एवढ्यात आजींनी माझ्या हातात मोबाईल कोंबला.

"माझा हात थरथरतो. आमचा पिंट्या घ्या. भालेवाला."

पिंट्या बलरामाच्या मागं डाव्या कोपऱ्यात उभा. वाक्य एकही नाही. मिशी अर्धी निघालेली. मी मोबाईल जरा सुभद्रेकडं वळवला.

"तिकडं कुठं? तिची आई घेतीय की तिला!"

सुभद्रेचं पद आलं. ज्या षड्जासाठी महिनाभर जीव टांगणीला लागला होता, तो पोरीनं लख्ख लावला. सगळ्या मंडपानं टाळ्या वाजवल्या. मी कशा वाजवणार? माझ्या हातात पिंट्या होता. तो नाक खाजवत होता आणि आजी म्हणत होत्या, "आलं का? नाक आलं का त्यात?"

संताप खरा कशाचा, तर आपापलं पोर आत गेलं की माणसं उठत होती. वनवासी अर्जुनाचे आईबाप तर अर्जुन स्टेजवर असतानाच गाडी काढायला गेले. लग्न लागेपर्यंत निम्मा मंडप रिकामा. दुसऱ्याच्या पोराचं गाणं ऐकायला कुणाला वेळ नाही, आणि ज्याला आहे त्याचं नाव रजिस्टरात.

पिंट्या भाल्यासकट खाली आला. "मामांना नमस्कार कर," आजींनी फर्मावलं. त्यानं केलाही. मामा! जावई शेवटपर्यंत आलेच नव्हते.

"भिंतीलाच राहता न्हवं तुम्ही? मग पुढच्या साली चारलाच येऊन बसा. आमची पाच माणसं हाईत, हीच रांग धरा. आणि रुमाल रंगीत आणा, पांढरे उचलून टाकतात मेले."