इंजिन बंद पडलं म्हणून लगेच ब्रेक जात नाही

ऑपरेटर आणि फिटर मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. म्हणे, उतारावर लोडरचं इंजिन बंद पडलं की ब्रेक गेलाच, म्हणून पेडल पटापट पंप करा. ब्रेक कमी लागत असेल तर चार्जिंग व्हॉल्व्हचं (ब्रेकचा तेलसाठा भरणाऱ्या व्हॉल्व्हचं) प्रेशर वाढवा. तेल कमी पडलं तर गाडीचं ब्रेक ऑइल ओता. आणि पार्किंग ब्रेकवर विसंबू नका, प्रेशर गेलं की तोही जातो. मुंबईच्या रस्त्यांवरच्या टिपरांना बहुधा हवेचे ब्रेक असतात, त्यांची गोष्ट वेगळी. मेसेज लोडरबद्दल आहे, तर पूर्ण हायड्रॉलिक ब्रेकच्या, म्हणजे पंपाने साठवलेल्या तेलाच्या दाबावर ब्रेक लागणाऱ्या लोडरबद्दलच बोलू.

पहिला सल्ला सगळ्यात घातक. या यंत्रांत अ‍ॅक्युम्युलेटर असतात: आत नायट्रोजन, आणि त्याच्या दाबाखाली साठवलेलं तेल. पंप आणि चार्जिंग व्हॉल्व्ह ते भरत राहतात, आणि इंजिन थांबलं तरी एकाच दिशेने तेल सोडणाऱ्या चेक व्हॉल्व्हमुळे तेल मागे पळत नाही. म्हणजे ब्रेक लगेच जात नाही, मोजके ब्रेक हातात उरतात. आता पंपिंग का नको? कारण पेडल सोडलं की ब्रेकमधलं तेल थेट टाकीत जातं आणि पुन्हा दाबलं की साठ्यातून नवं तेल लागतं. पाच-सहा वेळा खालीवर केलं की साठा रिकामा. जुन्या मास्टर सिलिंडरच्या गाडीत पंप केल्याने पेडल वर यायचं, ती सवय इथे उचलून आणलेली दिसते. इथे पेडल एकदाच, सलग दाबून धरायचं. आणि इंजिन बंद करून दोन ब्रेकमध्येच प्रेशरचा दिवा लागत असेल, तर नायट्रोजन तपासून घ्या. त्या जागी कॉम्प्रेसरची हवा किंवा ऑक्सिजन कधीच नको, स्फोट होऊ शकतो.

प्रेशर वाढवण्याने ब्रेक जोरात लागत नाही. ब्रेकपर्यंत किती दाब जायचा ते पेडलखालचा व्हॉल्व्ह ठरवतो: पाय जितका दाबाल तितकी स्प्रिंग स्पूलला (व्हॉल्व्हच्या आतल्या सरकत्या दांड्याला) ढकलते, आणि ब्रेकमधला दाब तिच्या तोलाचा झाला की स्पूल पुरवठा बंद करतो. चार्जिंग व्हॉल्व्ह फक्त साठा भरतो. त्याचा स्क्रू आवळलात तर ताण पंपावर आणि नळ्यांवर. ब्रेक कमी लागतोय तर डिस्कची झीज बघा, तेलात हवा आहे का बघा.

तेलाचं थोडक्यात: गाडीची ब्रेक ऑइलं, म्हणजे डॉट 3, डॉट 4, ग्लायकॉलची, आणि बहुतेक लोडरांचे ब्रेक खनिज तेलावर. दोन्हींचे सील वेगळ्या रबराचे, चुकीच्या तेलात फुगतात किंवा खराब होतात. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटच्या बाजारात नवा सील किट मिळेलही, पण सगळी लाइन धुवायला कोण येणार?

राहिला पार्किंग ब्रेक. बहुतेक मोठ्या लोडरांत तो स्प्रिंगने लागतो आणि तेलाच्या दाबाने सुटतो, म्हणजे मेसेजच्या बरोबर उलट. दाब गेला की तो आवळतो. म्हणून बंद यंत्र टोचन करताना चाकं फिरत नाहीत. आधी चाकांखाली ठोकळे लावा, मगच मॅन्युअलप्रमाणे ब्रेक हाताने सोडवा.