पिंपळ 100 टक्के, वड 80 टक्के... कशाचे?

पिंपळ 100 टक्के कार्बन डायऑक्साइड शोषतो, वड 80 टक्के, कडुनिंब 75 टक्के. पिंपळ रात्रीही ऑक्सिजन सोडतो. सरकारने विदेशी झाडं लावून वाटोळं केलं, म्हणून दर 500 मीटरवर एक पिंपळ लावा, प्रदूषण गायब! हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय आणि मी तो न वाचता उडवत आलोय. यंदा मात्र तो आमच्या सासऱ्यांच्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर पोचला. मंडळींनी वर्गणी काढून रोपंही सांगितली. बेत असा की पहिला पाऊस पडला की पुण्यातल्या वेताळ टेकडीवर खड्डे खणायचे. म्हणून हा खटाटोप.

आधी टक्के. 100 टक्के म्हणजे कशाचे? शहरातल्या सगळ्या हवेतले? मग एका पिंपळातच काम झालं, वडाला कशाला त्रास! झाड किती कार्बन धरून ठेवणार ते त्याची वाढ, वय, माती आणि पाणी यांवर ठरतं. झाडांच्या जातींना दहावीच्या निकालासारखे टक्के लावता येत नाहीत.

रात्रीचा ऑक्सिजन : उजेडाशिवाय तो तयारच होत नाही. काही वनस्पती रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेतात हे खरं, पण ऑक्सिजन सोडतात त्या दिवसाच. विषय संपला.

विदेशी झाडांबद्दल मात्र नाइलाजाने मान डोलवतो. गुलमोहर मादागास्करचा, निलगिरी ऑस्ट्रेलियाची, आणि पुण्याच्या टेकड्यांवर रांगेने लावलेला गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) मध्य अमेरिकेतला. ती लागवड डोळे मिटून झाली. पण म्हणून आता डोळे मिटून पिंपळ लावायचा?

खरा घोळ टेकडीचा आहे. टेकडी 'उजाड' आहे हे ठरवलं कुणी? मे महिन्यात वर जाऊन पिवळं गवत नि मुरूम बघितला की आपल्याला वाटतं, इथे पूर्वी जंगल होतं, कुणीतरी तोडलं. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांचा 2025 मधला अभ्यास 'पीपल अँड नेचर' या नियतकालिकात आलाय. त्यांनी साडेसातशे वर्षांचं मराठी साहित्य, ओव्या आणि लोककथा चाळून पश्चिम महाराष्ट्रातल्या रानटी झाडाझुडपांचे उल्लेख वेचले. 44 जाती सापडल्या, आणि त्यांतल्या साठ टक्क्यांहून अधिक उघड्या माळरानाच्या. बाभूळ, हिवर, तरटी असली काटेरी मंडळी. म्हणजे हा माळ इंग्रजांच्या कुऱ्हाडीने झालेला नाही, आपल्या संतांच्या काळीही तो माळच होता.

आता त्या गवतात उकिडवं बसून बघा. कुसळं पायजम्याला चिकटतील, पण त्यांच्या बुडाशी पावसाळ्यात कंद फुटतात, तित्तिर घरटं करतात. तिथे टिकावाने दोन फुटांचा खड्डा घेतला की पातळ मातीचा थर उलटतो आणि गवताची मुळं जातात. वर पिंपळाची सावली पडली की ऊन लागणारं गवत तिथून कायमचं हटतं. हवामान बदलाला तोंड द्यायचं म्हणून जे लावायचं, त्यासाठी आधीच उन्हाला टिकून राहिलेलं काढून टाकायचं!

शिवाय टेकडीचा बराचसा भाग वनखात्याचा. परवानगी कुणी काढली आहे?

दर 500 मीटरवर पिंपळ हेही शहरात जपून. पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या भिंती बघा, भेगेत पाखराने टाकलेल्या बीचं रोप वीट फोडून बाहेर येतं. पिंपळाला मोकळी, मोठी जागा हवी. गटारापासून आणि इमारतीपासून लांब जिथे ती असेल, तिथे जरूर लावा, सावलीने गारवा येतोच. सांगितलेली रोपं तिथे वळवा.

टेकडीवर काही करायचंच असेल तर करण्यासारखं आहे. प्लास्टिक आणि बाटल्या वेचा, नवीन पायवाटा पाडू नका, गिरिपुष्पाच्या कोवळ्या रोपांचं काय करायचं ते वनखात्याला विचारा. उन्हाळ्यात वणवे लागतात, म्हणून त्याआधीच जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून गवत काढून मोकळे केलेले पट्टे, काढायच्या कामात हात द्या. त्याचा फोटो पिंपळासोबतच्या फोटोइतका छान येणार नाही, एवढंच.