नॅकच्या आधी वसतिगृह सर्वसमावेशक कसं करावं

कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची पीअर टीम, म्हणजे तपासणी पथक, दोन महिन्यांवर आली की सातव्या निकषाची फाइल उघडावी लागते. सांस्कृतिक, प्रादेशिक, भाषिक, धार्मिक, आर्थिक विविधतेसाठी संस्थेने काय केलं, हे तिथे लिहायचं असतं. घाबरू नका. वसतिगृहाच्या कर्मचाऱ्यांचं एक प्रशिक्षण ठेवा. एका दुपारी उरकतं, आणि नीट आखलं तर वसतिगृहात काडीचा फरक पडत नाही.

खरी हुशारी कोणाला बोलवायचं यात आहे. नव्या मुलाला पहिल्यांदा भेटतो तो गेटवरचा वॉचमन. मग मेसमधला वाढपी, मग जिना झाडणाऱ्या मावशी. रेक्टरची गाठ पडते ती दंड भरताना. म्हणून प्रशिक्षणाला रेक्टर, उपप्राचार्य, आयक्यूएसीचे, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाचे, समन्वयक आणि त्या तासाला मोकळे असलेले चार प्राध्यापक बसवा. वॉचमन एजन्सीचा, मेस ठेकेदाराची, मावशी रोजंदारीवर. त्यांचा कशाशी काय संबंध? कोणी फारच आग्रह धरला तर वेळ दुपारी दोनची ठेवा. रात्रपाळीवाला झोपलेला असतो, दिवसपाळीवाला गेट सोडू शकत नाही आणि मेसमध्ये भांड्यांचा ढीग पडलेला असतो. वक्ता इंग्रजीतून बोलणारा आणा. पाळीप्रमाणे दोन तुकड्या करून दीड-दीड तास मराठी-हिंदीत बोलणं मात्र कटाक्षाने टाळा. अरुणाचलच्या मुलीने आधार कार्ड पुढे केलेलं असताना तिच्याकडे पासपोर्ट मागितला तर काय होतं, हे वॉचमनकाकांना एकदा तिच्या जागी उभं करून दाखवलं, तर ते पुन्हा मागणार नाहीत. मग पुढच्या वर्षीच्या प्रशिक्षणाला विषय कुठून आणणार?

तिसऱ्या स्लाइडवर शाहू महाराज आणि कर्मवीर भाऊराव हवेतच. फोटो मोठा, मजकूर कमी. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी बोर्डिंगं उभी केली. ज्या काळात अनेक जातींच्या मुलांना शहरात कोणी उंबऱ्यात घेत नव्हतं, तेव्हा डोक्यावर छप्पर मिळणं हीच पहिली पायरी होती. भाऊरावांनी १९२४ मध्ये साताऱ्यात पुढची पायरी चढली: सगळ्या जातीधर्मांची मुलं एका छताखाली, एका पंगतीत. ही पायऱ्यांची गोष्ट सांगू नका. कोणीतरी विचारेल की शंभर वर्षांनंतर तुमच्या इमारतीत ‘त्यांची विंग’ कशी काय आहे.

विंग तयार करायला फार कष्ट लागत नाहीत. खोल्या लावताना यादी आडनावांवरून चाळायची, ईशान्येकडची मुलं ‘त्यांना एकमेकांत बरं वाटतं’ म्हणून वरच्या मजल्यावर, परदेशी मुलं जिन्याजवळ, आणि शिष्यवृत्तीवाली मुलं शिल्लक राहिलेल्या खोल्यांत. जीओआयची, म्हणजे भारत सरकारच्या शिष्यवृत्तीची, यादी जातीच्या रकान्यासकट नोटीस बोर्डावर लावली की उरलेलं काम मुलं आपसांत करतात. खोल्या चिठ्ठ्या टाकून लावल्या किंवा संगणकावर सरमिसळ केली तर हे सगळं मुसळ केरात जातं. आणि पहिल्या आठवड्यात खोलीतल्या तिघांना समोरासमोर बसवून दिवा कधी मालवायचा, गजर किती वाजताचा, फोनवर बोलायला बाहेर जायचं का, कोणता डबा खोलीत चालेल, हे एका कागदावर लिहून सह्या घेण्याचा मूर्खपणा तर अजिबात नको. सप्टेंबरातली निम्मी भांडणं त्या कागदावरच मिटतात. भांडण झालं तर सोपा उपाय आहेच: जो एकटा पडलाय त्याची खोली बदलायची.

आता मेस. इथे मन लावून काम करा, कारण विविधता दिवसातून तीनदा ताटात येते.

‘आमच्याकडे उपवासाची सोय आहे’ असं माहितीपत्रकात छापा आणि उपवास म्हणजे साबुदाणा, यावर ठाम राहा. इथिओपियाचा ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन मुलगा बुधवारी-शुक्रवारी उपवास करतो. त्याला मांस, अंडी, दूध, दही, तूप चालत नाही. म्हणजे साधं वरण, बिनतुपाची पोळी आणि उसळ हे त्याचं उपवासाचं ताट झालं. ते मेसमध्ये रोज असतं. तरी त्याला दही घातलेली खिचडी द्या. जैन मुलीला बटाटा चालत नाही म्हटल्यावर तिलाही तीच खिचडी द्या, आणि साबुदाणा कंदापासून होतो हे तिने सांगितलं तर ‘फार नखरे’ म्हणा. रमजानमध्ये पहाटेच्या सहरीसाठी रात्रीच हॉटकेसमध्ये चार पोळ्या-भाजी भरून ठेवायला आचाऱ्याला पाच मिनिटं लागतात. म्हणून मुलांकडून अर्ज मागवा, तो ठेकेदाराकडे पाठवा, ठेकेदाराने दर मागावा, समितीने तो नाकारावा. तोवर ईद येते. पुढच्या वर्षी रमजान दहा-अकरा दिवस अलीकडे सरकलेला असतो, त्यामुळे जुना अर्ज ‘तारखा जुळत नाहीत’ म्हणून परत करता येतो.

वासाचंही धोरण हवं. दिल्ली पोलिसांनी २००७ मध्ये ईशान्येकडच्या विद्यार्थ्यांसाठी पुस्तिका काढली आणि बांबूचे कोंब, आखुनी असे पदार्थ शेजाऱ्यांना त्रास होणार नाही अशा बेताने शिजवा, असं सांगितलं. तोच कित्ता गिरवा. आखुनी म्हणजे आंबवलेलं सोयाबीन. ते दुर्गंधीत मोडतं. रत्नागिरीहून आलेला सुकटीचा डबा उघडला की मजलाभर जे दरवळतं, ती गावाकडची आठवण.

परदेशी विद्यार्थी राहायला आला की त्याची नोंद करणारा सरकारी फॉर्म चोवीस तासांत भरावा लागतो. तो अगदी वेळेत भरा. पाणी किती वाजता येतं, मेसचं कुपन कुठे मिळतं, रात्री ताप आला तर कोणाचं दार वाजवायचं, हे सांगणारा फॉर्म सरकारने काढलेला नाही, तेव्हा तुम्हीही काढू नका. त्यातून कोणी आजारी पडलंच तर नियम बघा. डॉ. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसनच्या वसतिगृहाचे रेक्टर असताना एक मुलगी मुलांच्या खोलीच्या खिडकीतून काहीतरी आत देताना त्यांना दिसली. दंडाची पावती फाडून विषय संपला असता. ते चौकशी करत बसले. मॉरिशसच्या मुलाला कावीळ झालेली, आणि ती त्याला जेवण पोचवत होती. पुढे १९७१ मध्ये अशा परदेशी मुलांसाठी सिंबायोसिस ही संस्था उभी राहिली. एका खिडकीपायी एवढा व्याप. तुमच्या खिडक्यांना जाळ्या आहेत ना, एकदा बघून घ्या.

शेवटी सांस्कृतिक संध्या. लेझीम, एक नागा शाल, एक आफ्रिकी सदरा, मागे ‘विविधतेत एकता’ फ्लेक्स. फोटो जिओटॅगचेच, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेलेच, काढा, नाहीतर पुन्हा सगळ्यांना शाली पांघरून उभं करावं लागतं. मोबाइलचं लोकेशन चालू आहे का हे आधी तपासा; इथेच बहुतेकांचं गणित चुकतं.

तक्रारपेटी रेक्टरच्या दाराशी, कॅमेऱ्याच्या बरोबर खाली टांगा. किल्ली रेक्टरकडे. पीअर टीम यायच्या आदल्या दिवशी ती उघडा, कुलूप गंजलं असेल, तेल घाला. आत गुटख्याच्या दोन पुड्या आणि मेसचं जुनं कुपन निघेल. घडी घातलेली एखादी चिठ्ठीही असेल. ती कोणत्या लिपीत आहे हे कळलं नाही, तर रजिस्टरमध्ये लिहा: ‘तक्रार प्राप्त. निरसन झाले.’ तारीख मागच्या महिन्याची टाका.