तासाला सातशे रुपये

मुंबई ते मेलबर्न तिकिटं काढायची होती तेव्हा लेकीने दोन ऑप्शन पाठवले. एकात सिंगापूरला दोन तास थांबायचं आणि दुसऱ्यात साडेतेरा. दुसरं दोघांचं मिळून साडेनऊ हजारांनी स्वस्त. आता घरात हे कुणी निवडलं ते वेगळं सांगायला नको, ज्या माणसाने पस्तीस वर्षं बँकेत काढली आणि जो अजूनही सुटे दोन रुपये हातात पडल्याशिवाय रिक्षातून पाय खाली ठेवत नाही, त्यानेच.

"अगं चांगी एअरपोर्ट आहे तो, लोक मुद्दाम थांबतात तिथे. नावच चांगी, वाईट कसं असेल?"

या वाक्यावर मी गप्प बसले ही माझी चूक.

तर रात्री बाराला मुंबई सोडली. दीड वाजता झोपेतून उठवून जेवायला दिलं, मग दिवे घालवले, मग मागच्या बाळाने भोकाड पसरलं, मग दिवे लावले, की आलं सिंगापूर. तिथे सकाळचे साडेसात, आपल्याकडे पाच. माझा एक डोळा भारतात आणि एक मिटलेला. खाली हे एवढं जाड कार्पेट, मला खरं सांगायचं तर तिथेच आडवं व्हावंसं वाटलं, पण आमचे हे कार्पेटवर उभे राहून घड्याळ अडीच तास पुढे करत होते आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं स्तोत्र.

"साडेनऊ हजार भागिले साडेतेरा," हे म्हणाले. "सातशे तीन रुपये! अगं आपण इथे नुसतं बसलो ना, तरी तासाला सातशे रुपये कमावतोय."

त्या क्षणापासून आमच्या घरात रुपया हे चलन बंद झालं आणि मिनिटं सुरू झाली. मी म्हणलं कॉफी तरी घेऊया, तर सात सिंगापुरी डॉलरची पाटी बघून यांनी आधी पासष्टने गुणलं, मग सातशेने भागलं आणि म्हणाले, "चाळीस मिनिटं गेली बघ." म्हणजे ती कॉफी प्यायली तर आम्ही चाळीस मिनिटं फुकट बसल्यासारखं. फुकट म्हणजे, फुकट नाही तेव्हाचं फुकट. मला ते अजून नीट कळलेलं नाही.

शेवटी भूक जिंकली. तिकडे सकाळी काया टोस्ट खातात, पातळ कुरकुरीत पाव, मध्ये लोण्याची जाड चकती आणि नारळाचा जॅम, सोबत कंडेन्स्ड मिल्क घातलेली कोपी, म्हणजे तिकडची कॉफी. त्या जॅमची चव म्हणजे आपल्या खोबऱ्याच्या वडीचा पातळ राहिलेला घाणा, बिघडलेला पण बेस्ट. दोघांचे मिळून अठरा डॉलर, म्हणजे एक तास चाळीस मिनिटं, पण यांनी बोटं चाटून खाल्लं. फोटो लेकीला पाठवला तर तिचा लगेच मेसेज, बाबा त्यात अंडं असतं. आणि वार गुरुवार! हे गुरुवारी अंड्याकडे बघतसुद्धा नाहीत. मी म्हणलं आता काय? तर शांतपणे घड्याळ दाखवून म्हणाले, "आत्ता भारतात सहा वाजलेत. माझी अंघोळ झालेली नाही. माझा गुरुवार अजून सुरूच झालेला नाही."

बँकेने हा माणूस रिटायर का होऊ दिला मला कळत नाही.

तर यांच्याकडे एक जुनी बँकेची डायरी होती आणि तिच्यात चांगीवर काय काय फुकट मिळतं त्याची यादी. पाय दाबायची मशिनं, थिएटर, फुलपाखरांची बाग, निवडुंगांची बाग, प्यायचं पाणी, छोट्या ट्रॉल्या आणि टर्मिनलमधून टर्मिनलमध्ये जाणारी स्कायट्रेन. आणि सगळ्यात वर, दोन रेघा मारून, धबधबा.

हा धबधबा तुम्ही व्हॉट्सॲपवर शंभरदा बघितला असेल. ज्युएल नावाची काचेची घुमटासारखी बिल्डिंग आहे, २०१९ साली उघडली, तिच्या छताला मधोमध भोक आणि त्यातून चाळीस मीटर खाली पाणी पडतं. घरात पडणारा जगातला सगळ्यात उंच धबधबा म्हणतात त्याला. पावसाचं पाणी साठवून वापरतात म्हणे. (हे ऐकून यांचं म्हणणं, आपल्या सोसायटीच्या जिन्यात जुलैमध्ये असाच येतो, आपण बघायला पैसे लावत नाही एवढंच.) गोम अशी की ज्युएल आहे इमिग्रेशनच्या बाहेर. ट्रान्झिटवाल्यांनी आत बसायचं. पण स्कायट्रेन त्या ज्युएलच्या पोटातून जाते, तर खिडकीतून धबधबा दिसतो आणि ट्रेन फुकट. म्हणजे यांच्यासाठी काशी.

नऊ वाजता आम्ही ट्रेनमध्ये चढलो. मी मोबाईल धरून तयार. झाडी आली, काच आली, भोक आलं. पाणी नाही.

"बंद आहे?" मी म्हणलं.

"बिघडला असेल," हे म्हणाले, जरा आनंदानेच, की बघा सिंगापूरलासुद्धा बिघडतं. परत येताना पुन्हा बघितलं, तरी कोरडा. तिसऱ्या फेरीला एका स्टाफच्या मुलीला विचारलं तेव्हा कळलं की तो अकराला सुरू होतो. धबधब्याला ड्यूटी अवर्स! आमच्या ठोसेघरच्या धबधब्याने ऐकलं तर जीव देईल.

मग अकरापर्यंत फुलपाखरं. टर्मिनल तीनमध्ये आहे ती बाग. आत शिरल्याबरोबर चष्म्यावर वाफ, जूनमधल्या दादर मार्केटसारखी दमट हवा आणि अननसाचा वास, कारण फुलपाखरांना खायला अननसाच्या चकत्या ठेवलेल्या. एक काळं-निळं फुलपाखरू यांच्या टकलावर येऊन बसलं आणि चांगली पाचेक मिनिटं हललं नाही, पंख नुसते उघडायचे मिटायचे. हे मान ताठ करून उभे, श्वाससुद्धा हळू घेतायत, आणि ओठ न हलवता मला म्हणतायत, फोटो काढ, फोटो काढ. लग्नातल्या अल्बममध्ये हा माणूस असा प्रेमाने कुठे उभा नाहीये.

अकरानंतर मात्र धबधबा दिसला. खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला. काचेतून वाकून बघितलं तर वरून ते पाणी गोल पडद्यासारखं येतंय, चहूबाजूंना झाडी, खाली माणसं मुंगीएवढी आणि ट्रेन त्याच्या बाजूने अशी जाते की आता भिजणारच. पण दिसतो किती? दहा-बारा सेकंद. की लगेच पुढचं टर्मिनल. म्हणून परत. म्हणून परत. सात फेऱ्या झाल्या. आठव्या फेरीला एक बाई लेकराला घेऊन चढली तर यांनी तिला मराठीतच सांगितलं, "या बाजूला बसा, इकडून दिसतो." आणि ती बसली!

दुपारी भूक लागली तेव्हा मी डबा काढला. तिखटामिठाच्या पुऱ्या आणि लसणाची चटणी. डब्याचं झाकण उघडलं मात्र, एवढ्या सेंट मारलेल्या एअरपोर्टवर लसूण असा काही पसरला की समोरच्या रांगेतला एक गोरा उठून गेला. मी पटकन झाकण लावतेय तोवर मागून आवाज, "खोबऱ्याची आहे का शेंगदाण्याची?"

वळून बघते तर साडी, स्वेटर आणि स्पोर्ट्स शूज अशा वेषातल्या एक काकू. कराडच्या. ऑकलंडला लेकाकडे सहा महिने राहून परत निघालेल्या. त्यांनी चार पुऱ्या खाल्ल्या, तीन वेळा डोळे मिटले, आणि मग पदरचं ज्ञान दिलं, की ताई पायाच्या मशिनवर शूज काढून बसायचं आणि पिंडऱ्यांचं बटण एकदम मोठं करायचं नाही. मी ऐकलं. यांनी ऐकलं नाही. मशिनने यांच्या पोटऱ्या अशा धरल्या की हे खुर्चीतून अर्धे उठले आणि "अगं बंद कर, बंद कर," पण बटणं कुठली ते मला दिसेना आणि काकू हसून हसून पुरीचा ठसका लागून बसलेल्या. पंधरा मिनिटं लंगडत होते, पण मशीन फुकट होतं ना!

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. तिकडच्या टॉयलेटच्या बाहेर स्क्रीन असतो, त्यावर सफाई करणाऱ्याचा फोटो आणि हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची बटणं, कसं वाटलं ते दाबायचं. आमचे हे आत गेले नाहीत तरी जाता-येता प्रत्येक स्क्रीनवर सगळ्यात हसरा चेहरा दाबत होते. मी विचारलं तर म्हणाले, "काउंटरवर बसणाऱ्याला विचार फीडबॅक म्हणजे काय असतो." आणि पुढे गेले. तेवढ्यापुरता मी माझा राग अर्ध्या तासाने कमी केला. म्हणजे साडेतीनशे रुपयांनी.

संध्याकाळी साडेपाचला लेकीचा व्हिडिओ कॉल. "काय गं आई, कसं आहे ज्युएल? खाली उतरलात का धबधब्यापाशी?"

मी म्हणलं नाही गं, आम्हाला कुठलं बाहेर सोडतायत, ट्रेनमधून बघितला.

"अगं पण तुमच्याकडे ऑस्ट्रेलियाचा व्हिसा आहे ना! तो असला आणि पुढचं तिकीट असलं की भारतीयांना ९६ तासांपर्यंत बाहेर जायला मिळू शकतं. फुकट सिटी टूरसुद्धा असते अडीच तासांची. बाबांना पीडीएफ पाठवलेली मी, पान तीन."

मी यांच्याकडे बघितलं. हे निवडुंगाकडे बघत होते.

"फुकट टूर," मी म्हणलं.

"पान दोनपर्यंत वाचलं होतं मी," हे म्हणाले. आवाजात मी इतकं दुःख फक्त व्याजदर कमी झाले तेव्हा ऐकलंय. आता वेळही नव्हता राहिला आणि यांच्यात जीवही. थिएटरमध्ये जाऊन बसलो, पिक्चर कुठला होता विचारू नका, दोन मिनिटांत यांची मान माझ्या खांद्यावर आणि तोंड उघडं. मी हळूच खांदा काढून घेतला, बाहेर आले आणि समोरच्या दुकानातून मानेची उशी घेतली. पंचेचाळीस डॉलर. मनातल्या मनात हिशोब केला, चार तास दहा मिनिटं. घेतली. राखाडी, मऊ, मागे बटण असलेली. परत येऊन गळ्यात घालून बसले. हे जागे झाले, उशीकडे बघितलं, ओठ हलले, भागाकार झाला, पण बोलले काही नाहीत. पान तीनचा फायदा.

गेटवर निघायच्या आधी यांनी दिवसातलं शेवटचं फुकट काम केलं, दोन्ही लिटरच्या बाटल्या नळावर काठोकाठ भरल्या. विमानात पाणी मागायला लाज वाटते म्हणून. आणि आम्हाला काय माहीत, मुंबईत आत शिरताना एकदा तपासलं की सुटलो, इथे सिक्युरिटी प्रत्येक गेटच्या तोंडाशीच. तिथल्या मुलाने बाटल्यांकडे बोट दाखवलं आणि शेजारच्या टाकीकडे.

ओतायचं? यांनी एकदा टाकीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, बाजूला झाले आणि एक बाटली तोंडाला लावली. दुसरी माझ्या हातात दिली. मागे रांग खोळंबली होती, तो मुलगा नम्रपणे बघत होता आणि आम्ही दोघं प्यायलो, एक थेंब न सांडता, दोन लिटर.

विमानात माझी सीट खिडकीची, यांची मधली. कडेच्या सीटवर एक धिप्पाड गृहस्थ बेल्ट लावून, अगदी माझ्यासारखीच राखाडी उशी गळ्यात घालून, टेकऑफच्या आधीच घोरायला लागले होते.