‘ग्राफिक नॉव्हेलवर अमेरिकेत बंदी’ : फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

जळगाव, भुसावळ, धुळे भागातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘अमेरिकेने मुलांच्या ग्राफिक नॉव्हेलवर बंदी घातली. चित्रांच्या गोष्टी म्हणजे वाचन नव्हे. शाळेच्या ग्रंथालयातून अशी पुस्तकं काढायला लावा.’

ग्राफिक नॉव्हेल म्हणजे चित्रं आणि संवादांतून सांगितलेली लांब गोष्ट. त्यावर अशी देशव्यापी बंदी नाही. जानेवारी २०२२ मध्ये टेनेसी राज्यातल्या मॅकमिन काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) शाळा मंडळाने ‘माउस’ हे ग्राफिक नॉव्हेल आठवीच्या अभ्यासक्रमातून काढलं. एका काउंटीचा निर्णय, तोही एकाच पुस्तकाबद्दल. त्या बैठकीचं इतिवृत्त जाहीर आहे, कोणीही वाचावं. शिवाय नाझी छळछावण्यांवरचं ते पुस्तक खास लहान मुलांसाठी लिहिलेलं नाहीच.

आता ‘वाचन नव्हे’ याबद्दल. अमेरिकन ग्रंथपालांच्या संघटनेतर्फे १९२२ पासून बालसाहित्याला न्यूबेरी पदक दिलं जातं. २०२० मध्ये ते जेरी क्राफ्ट यांच्या ‘न्यू किड’ला मिळालं. ग्राफिक नॉव्हेलला हा मान पहिल्यांदाच. नव्या शाळेत गेलेल्या सातवीतल्या मुलाची ती गोष्ट. २०२१ मध्ये टेक्सासच्या केटी भागातल्या शाळांनी तक्रारीवरून हे पुस्तक बाजूला काढलं होतं, पण तपासून परत ठेवलं. हा शेवट मेसेजमध्ये नाही.

घरात अहिराणी बोलणारं पोर प्रमाण मराठीच्या लांब परिच्छेदाला अडखळतं, तिथे चित्र त्याला पुढे नेतं, असं माझं मत. वयोगट मात्र बघूनच पुस्तक घ्या. सगळीच ग्राफिक नॉव्हेल्स मुलांची नसतात.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.