हरवलेल्या फ्रेमला सुंदर म्हणू नका

काल रात्री साडेअकरा वाजता, दाराच्या फटीत टॉवेल कोंबून, मिट्ट काळोखात बाथरूमच्या फरशीवर बसून मी रडले. हातात कॅमेऱ्याची फिल्म होती आणि ती धुण्याच्या रिळावर पुढे सरकत नव्हती. आज डोकं जरा शांत आहे, म्हणून लिहून काढते.

काल जुनं घर रिकामं केलं. सामान आधीच गेलं होतं. आईला शेवटचं एकदा सगळ्या खोल्यांतून फिरायचं होतं आणि मला तिचे फोटो काढायचे होते. तेही फिल्मवरच, कारण माझे लहानपणीचे सगळे फोटो याच घरात, याच कॅमेऱ्याने काढलेले आहेत.

सकाळी ती खिडकीपाशी बसली. उजेड तिरपा, मऊ, तिच्या गालावर आलेला. मी काढत गेले. आई न कंटाळता बसून होती, किल्ल्यांचा जुडगा हातात फिरवत. रोल ३६चा. कधीकधी एखाददुसरी फ्रेम जास्त निघते, म्हणून ३८ आकडा दिसला तेव्हा बरंच वाटलं. ३९ आला आणि पोटात खड्डा पडला. डावीकडच्या, फिल्म डबीत परत गुंडाळायच्या म्हणजे रिवाइंडच्या नॉबकडे पाहिलं, फिल्म पुढे सरकवायची लिव्हर ओढली. नॉब जागचा हलला नाही.

फिल्म वापरणाऱ्यांना याचा अर्थ लगेच कळेल. फिल्मचं टोक उजवीकडच्या, फिल्म गुंडाळून घेणाऱ्या स्पूलमध्ये अडकलंच नव्हतं. माझ्या कॅमेऱ्यात लिव्हर ओढली की आकडा पुढे जातो, आत फिल्म सरको वा न सरको. शटरचा आवाजही तसाच येतो. पहिल्या दोन फ्रेम ओढताना डावा नॉब फिरतोय का एवढं बघायचं असतं. एका नजरेचं काम. मी ते घाईत केलं नाही आणि सकाळचा तो उजेड कुठेही उमटला नाही.

फिल्म कोरीच होती, म्हणून तोच रोल पुन्हा नीट भरला. आईला म्हटलं, "पुन्हा बसशील?" ती म्हणाली, "अगं, बसते की." पण ऊन वर सरकलं होतं, खोली अंधारली होती. तरी पहिल्या आठ-दहा फ्रेम तिच्याच काढल्या.

विसाव्या फ्रेमनंतर लक्षात आलं की आयएसओची, म्हणजे फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील आहे हे कॅमेऱ्याला सांगायची चकती १००वर आहे. मागच्या वेळी १००ची फिल्म होती, ही ४००ची. रोलच्या डबीवरच्या खुणा वाचून कॅमेऱ्याने आयएसओ आपोआप लावून घ्यायची सोय १९८३ साली आली. माझा कॅमेरा त्याआधीचा, त्याला हे हाताने सांगावं लागतं. म्हणजे वीस फ्रेमना चौपट प्रकाश मिळाला, फोटोच्या भाषेत दोन स्टॉप जास्त. कृष्णधवल निगेटिव्ह तेवढा जादा प्रकाश पचवते. उलट झालं असतं तर सावल्यांतलं सगळं गेलं असतं. पण अंधाऱ्या खोलीत कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर शटर १/३० ऐवजी १/८ सेकंद उघडं ठेवायला सांगत होता आणि मी हातातच कॅमेरा धरून काढत होते. जादा प्रकाश निगेटिव्ह सोसते, हललेला हात नाही.

संध्याकाळी शेवटची फ्रेम. लिव्हर अर्ध्यात अडली. तिथेच थांबून रिवाइंड करायचं असतं. मला दाराचा एक फोटो हवा होता, मी जोर लावला. आत काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि लिव्हर मोकळी फिरली. फिल्म डबीतल्या दांड्यापासून निघाली होती. आता ती परत डबीत जाणार नव्हती, आणि उजेडात मागचं झाकण उघडलं असतं तर उरलंसुरलंही गेलं असतं.

म्हणून रात्रीचं ते बाथरूम. काळोखात झाकण उघडून फिल्म स्पूलवरून काढायची आणि सरळ डेव्हलपिंगच्या रिळावर चढवायची, एवढंच करायचं होतं. पण रीळ मी तासाभरापूर्वी धुतलं होतं आणि ते आतून किंचित ओलं राहिलं होतं. ओल्या प्लॅस्टिकला फिल्म चिकटते. तीन चतुर्थांश गेली आणि अडली. ढकलली, तर खाच सोडून वाकडी झाली. दोन पदर एकमेकांना चिकटले की तिथे चित्र उमटवणारा डेव्हलपर पोचत नाही, ते पक्कं करणारा फिक्सर पोचत नाही. हे सगळं माहीत असून मी अंदाजाने सरळ केली, डेव्हलपिंगच्या टाकीत घातली, झाकण लावलं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. फिल्मबद्दल हल्ली एक बोलणं फार ऐकू येतं: चुका हेच फिल्मचं सौंदर्य, प्रकाश शिरला की जादू होते, जे येईल ते स्वीकारा. मला हे मान्य नाही. ज्याला तीच जागा उद्या पुन्हा मिळणार आहे त्याने म्हणावं. कॅमेऱ्याच्या झाकणाच्या कुजलेल्या फोममधून शिरलेल्या प्रकाशाचा लाल पट्टा कुणाच्या चेहऱ्यावरून गेला तर तो चेहरा गेला. अशा बोलण्यामुळे नवीन मुलांना कुणी नॉबकडे बघायला शिकवत नाही, लिव्हर अडली की थांबायला शिकवत नाही, रीळ पूर्ण कोरडं हवं हे सांगत नाही. त्यांना आधी कॅमेरा कोणता घ्यावा हे सांगितलं जातं. मी म्हणते, आधी एक फुकट गेलेला रोल हातात द्या आणि झाकण उघडं ठेवून दहा वेळा भरायला लावा.

आणि दुसरं: खिशात फोन होता. "आज फक्त फिल्म" असा हट्ट मी धरला. पुन्हा न येणाऱ्या दिवशी असा हट्ट धरू नये. फोनवर दोन फोटो काढल्याने फिल्मचा अपमान होत नाही.

निगेटिव्ह आता दोरीवर वाळतेय. पाचवी ते नववी फ्रेम जिथे आहेत तिथे दुधी डाग आहे. फिल्मच्या कडेचे आकडे कारखान्यातच प्रकाशाने उमटवलेले असतात, डेव्हलपर लागला की दिसतात. या डागात तेही आलेले नाहीत, म्हणजे दोष शटरचा नाही, माझ्या रिळाचा. सातव्या फ्रेमचा डावा भाग तेवढा डागातून सुटलाय. त्यात आईचा हात आहे, किल्ल्यांच्या जुडग्यावर. बोटं जराशी हललेली. चेहरा असायला हवा तिथे काही नाही.

सकाळी तिचा फोन आला होता. "धुतला का गं रोल?" म्हणाली. मी म्हटलं, "वाळतोय अजून."