आधी डोक्यावर पाणी घेतलं म्हणून लकवा?

थंडी पडली की नागपुरात तो मेसेज फिरू लागतो. यंदा आमच्या अंबाझरीला फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवर आला. लकवा बाथरूममध्येच येतो, कारण माणूस आधी डोक्यावर पाणी घेतो, रक्त एकदम वर चढतं आणि मेंदूतली बारीक नस फुटते. खाली पुरवण्या: वय झालं की बीपी 160 चालतंच, डोकं दुखत नसेल तर गोळी नको, लहान झटका आपोआप उतरतो, झटका आलाच तर बोटांना सुई टोचून रक्त काढा.

‘नस फुटते.’ काही जणांची फुटते, पण बहुतेक झटके रक्तवाहिनी तुंबून येतात. तुंबून येणाऱ्यांपैकी साधारण चौथा-पाचवा झटका मेंदूच्या खोल भागातल्या बारीक धमनीचा असतो. ही धमनी बहुधा अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक. मोठ्या धमनीतूनच ती थेट निघते. मेन लाइनलाच बारीक नळी जोडावी तशी. त्यामुळे बीपीचा मार तिला पुरेपूर बसतो. वर्षानुवर्षं तो बसला की तिची भिंत जाड होते, आतली वाट चिंचोळी होते आणि एक दिवस बंद पडते. मिलर फिशर या डॉक्टरांनी मृत रुग्णांचे मेंदू बारकाईनं तपासून 1965 मध्ये हे मांडलं. त्या रुग्णांपैकी जवळजवळ सगळ्यांना उच्च रक्तदाब होता. मधुमेह, तंबाखू आणि वाढतं वय ही बाकीची कारणं. क्वचित घराण्यातून येणारा जनुकीय दोषही असतो. पहिला तांब्या कुठं ओतला, हे यात कुठंच नाही.

मग बाथरूमच का? झटके सकाळी जास्त येतात, हे खरं आहे. उठल्यावर बीपी चढतं, गार पाण्यानंही थोडा वेळ चढतं. पण बारीक धमनीचा झटका बरेचदा झोपेतच येऊन गेलेला असतो. पाय लटका पडलाय हे कळतं ते ओल्या फरशीवर, आणि नाव जातं पाण्यावर.

‘बीपी 160 चालतं.’ सगळ्या मेसेजमध्ये घातक ओळ हीच. बीपी दुखत नाही, हीच तर त्याची खोड. आपल्याकडे गोळी ‘आज बरं वाटतंय’ म्हणून सुटते आणि खर्रा मात्र चुकत नाही. खर्र्यात तंबाखू असते, तिच्या निकोटिननं नाडी आणि दाब दोन्ही वाढतात. धूर निघत नाही म्हणून तो निरुपद्रवी, असं पानठेल्यावर उभं राहून सांगणारे मी पुष्कळ पाहिलेत.

‘लहान झटका उतरतो.’ मेंदूचा मेलेला भाग झडून मागे उरणारा खड्डा दीड सेंटिमीटरच्या आतलाच असतो. पण हातापायाकडे जाणाऱ्या सगळ्या तारा जिथून एका जुडीत जातात तिथं तो पडला, तर अर्धं अंग जातं. काही खड्डे पडल्याचं कळतही नाही. ते साठत गेले की चाल अडखळते, विचार मंदावतो.

सुईबद्दल काय बोलावं! बोटातून थेंबभर रक्त काढून मेंदूतली रक्ताची गाठ हलत नाही, वेळ तेवढा जातो. गाठ विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तोंड वाकडं झालं, हात खाली पडला, बोलणं अडखळलं की 108 लावायचा. आणि पहिला सीटी स्कॅन ‘नॉर्मल’ आला म्हणून पेशंटला घरी आणू नका. तो मुख्यतः रक्तस्राव नाही ना, हे बघायला काढतात. एवढासा खड्डा पहिल्या काही तासांत त्यात बहुधा दिसतच नाही, एमआरआयमध्ये दिसतो.